पानं मोजणारा मॅक्रो आणि वाढलेली एक ओळ

मॅक्रो म्हणजे काय, हे मला आयुष्यात इतक्या वेळा सांगावं लागलंय की आता कुणी विचारलं तर मी सरळ चहा टाकायला उठते. पण संपादकांनी गळ घातली आहे, तेव्हा शेवटचं एकदा सांगते. नीट ऐका, पुन्हा सांगणार नाही.

समजा, तुमच्याकडे भांड्यांना नवी बाई आली. पहिल्या दिवशी तुम्ही शेजारी उभं राहून दाखवता, आधी भिजव, मग घास, मग विसळ, मग पालथी घाल. दुसऱ्या दिवशी नुसतं 'भांडी' म्हटलं की ती सगळं ओळीनं करते. मॅक्रो तसाच. कंप्युटरवर जी बटणं आपण एकामागून एक दाबतो, ती एकदा त्याला दाखवून ठेवायची. पुढे एकच बटण दाबलं की तो सगळी स्वतः दाबतो. फरक इतकाच, की बाईला डोकं असतं. एखादं पातेलं गळकं निघालं तर ती येऊन सांगते. मॅक्रो सांगत नाही. तो गळकं पातेलंही तितक्याच मनोभावे घासून पालथं घालतो, आणि वरण चुलीत गेल्यावर शिव्या मला.

गोष्ट नव्वदनंतरच्या तीन-चार वर्षांतली. परभणीत तेव्हा कंप्युटर बघायला आलेले लोक चपला बाहेर काढायचे. आमचं दुकान स्टेशन रोडला, औषधाच्या दुकानावरच्या मजल्यावर. मालक बद्रीशेठ, मोंढ्यात त्यांचा सरकीचा व्यापार. पुण्याच्या मेहुण्यानं असं दुकान टाकलं म्हणून यांनीही टाकलं, आणि यंत्रापुढे बसायला मला टायपिंगच्या क्लासमधून उचलून आणलं. मी तिथं मराठी टायपिंग शिकवत होते. माझा हात जलद होता आणि तोंड त्याहून जलद, असं क्लासचे सर म्हणत. शेठना हाताबद्दलच सांगितलं गेलं असावं.

आमच्याकडे येणारं मोठं काम म्हणजे प्रबंध. प्रबंधाला अनुक्रमणिका लागते, म्हणजे कुठलं प्रकरण कुठल्या पानावर. आज हे यंत्र आपणहून करतं आणि तुमची नातवंडं त्याकडे बघतही नाहीत. तेव्हा यंत्राचा जीव एवढासा. अख्खा प्रबंध एका फाइलीत घातला की ते धापा टाकायचं. म्हणून प्रत्येक प्रकरणाची फाइल वेगळी. मग एकेक फाइल उघडायची, तळाशी जायचं, पानाचा आकडा बघायचा, कागदावर लिहायचा, फाइल बंद करायची, बेरीज करायची. एवढं होईतो गिऱ्हाईक जिना चढून यायचं आणि म्हणायचं, "बाई, दुसऱ्या प्रकरणात एक परिच्छेद वाढवायचा राहिला." की सगळं पहिल्यापासून.

याला बेजार होऊन मी मॅक्रो केला. यंत्रासोबत आलेलं इंग्रजी पुस्तक आणि शब्दकोश मांडीवर घेऊन कित्येक रविवार घालवले. घरचे म्हणायचे, एवढा अभ्यास मॅट्रिकला केला असतास तर! पण जमला. बटण दाबलं की पडद्यावर फाइली भराभर उघडायच्या, मिटायच्या आणि शेवटी तयार अनुक्रमणिका समोर. जिल्ह्यातला तो पहिलाच असावा. दुसऱ्या कुणी केल्याचं ऐकिवात नाही. आणि केला असता तर तो माणूस तक्रार घेऊन माझ्याकडेच आला असता.

वाटलं, सुटले. कसली सुटते! आता नवाच छळ सुरू झाला. निम्मे लोक मॅक्रोवर अजिबात विश्वास ठेवायचे नाहीत आणि उरलेले नको इतका ठेवायचे.

पहिल्या प्रकारातले म्हणजे वालूरचे एक मुख्याध्यापक. निवृत्तीनंतर त्यांनी गावाचा इतिहास लिहिला होता. मी आकडा सांगितला, तर म्हणाले, "यंत्रानं मोजलं ते ठीक हाय. मी बी मोजतो." आणि अंगठा जिभेला लावून बसले मोजायला, मोठ्यानं. एक पान कमी भरलं. पुन्हा मोजलं, तर एक जास्त भरलं. मधेच शेठनी "चहा घेणार का?" विचारलं, आणि "हो" म्हणण्यात आकडा हातचा गेला. तिसऱ्यांदा मोजून झाल्यावर चष्मा पुसत मला म्हणाले, "बाई, तुमच्या यंत्रात कायतरी घोळ हाय. दर टायमाला निराळं येतंय." मोजत कोण होतं, हे मास्तरांना सांगायची माझी प्राज्ञा नव्हती.

दुसऱ्या प्रकारात खुद्द आमचे शेठ. त्यांचा एक दस्तूर होता. मोंढ्यात नवी वही घातली की पहिल्या पानावर 'श्री' लिहायचं आणि पान उलटायचं. कंप्युटरची फाइल म्हणजे वहीच, असा त्यांचा हिशेब. त्यामुळे नवी फाइल उघडायची ती शेठनीच. एका बोटानं 'श्री' शोधत शोधत टाकायचा, हात जोडायचे, मग पान बदलायचं बटण. त्यानंतर खुर्ची मला. छापताना मी ते पान गाळून पुढच्यापासून छापायची. देवाचं नाव आत राहू दे, आपलं काय जातं!

जातं. कृषी विद्यापीठाच्या एका मुलाचा ज्वारीवरचा प्रबंध मॅक्रोला लावला. अनुक्रमणिका छापून बांधणीला गेली आणि दुसऱ्या दिवशी तो मुलगा रडवेला होऊन जिन्यात उभा. पहिलं प्रकरण बरोबर, दुसरं एका पानानं पुढे, तिसरं दोन पानांनी, आणि शेवटाला पोचेपर्यंत ज्वारीचं पीक अनुक्रमणिकेत आहे त्याच्या कितीतरी आधीच निघालेलं. मी दिवसभर मॅक्रो उलटापालटा करून पाहिला. संध्याकाळी लक्षात आलं, मॅक्रो बिचारा शेठचा प्रत्येक 'श्री' इमानदारीनं मोजत होता.

शेठना सांगितलं तर ते म्हणाले, "श्री काढायचा नाही. बेरीज बदला." तेव्हा मॅक्रोला शिकवलं, प्रत्येक फाइलीतून एक वजा कर. देवाला वजा करणारी परभणीतली पहिली बाई मी, असं आमचे हे चारचौघांत सांगायचे. मला त्यात हसण्यासारखं काही वाटलं नाही.

आता वाव्हळे सरांबद्दल. खरं तर एवढा वेळ मी त्यांच्याकडेच यायचं टाळत होते.

वाव्हळे सर सोनपेठच्या कॉलेजात मराठी शिकवायचे. नोकरी तात्पुरती, पीएच.डी. झाली तर कायम होण्याची आशा. दर शनिवारी एस.टी.नं यायचे, खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत हस्तलिखित. विषय होता गोदाकाठच्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या. गावोगाव फिरून त्यांनी शेकडो गोळा केल्या होत्या. टाइप करता करता मी कित्येकदा थांबायची आणि वाचत बसायची, हे शेठना कधी कळलं नाही.

पहिल्याच दिवशी शेठ 'श्री' टाकायला सरसावले, तर सर शांतपणे म्हणाले, "शेठजी, आमच्या फायलीत श्री नको." शेठ माझ्याकडे बघायला लागले. मी खिडकीकडे. शेवटी शेठ म्हणाले, "तुमची फाइल, तुमची मर्जी. पण उद्या काही बिघडलं तर मला म्हणू नका." मला मात्र आनंदच झाला, एक वजा करायचं टळलं.

त्यांचे मार्गदर्शक परभणीतलेच, धारासूरकर सर. विद्वान माणूस, पण शिस्तीचा फार सोस. प्रबंधाला मुखपृष्ठापासून शेवटच्या पानापर्यंत पृष्ठांकाची एकच माळ हवी, ही त्यांची अट. मी म्हटलं, "सर, सुरुवातीच्या पानांना वेगळे आकडे देऊ, म्हणजे पुढं काही बदललं तरी बाकीचं हलणार नाही." तर म्हणाले, "बाई, प्रबंध आहे, लग्नाची पत्रिका नाही." यात पत्रिका कुठून आली ते मला आजतागायत कळलेलं नाही. आणि प्रबंधाच्या शेवटी ओवीसूची होती. प्रत्येक ओवीची पहिली ओळ आणि ती कुठल्या पानावर आहे तो आकडा. हे काही मॅक्रोच्या आवाक्यातलं नव्हतं. तो प्रकरणं ओळखायचा, ओव्या नाही. ती सूची मी हातानं केली, एकेक ओवी शोधून. मान अजून दुखते.

दिवाळीपर्यंत सगळं छापून झालं. मराठी छापायची म्हणजे आमचा प्रिंटर सुया आपटत, कर्रकर्र करत एकेका ओळीवरून दोनदा फिरायचा. एक पान निघेपर्यंत भाजी चिरून व्हावी. वरून वीज कधी जाईल याचा नेम नाही. तरी गठ्ठा तयार झाला, आकड्यांसकट. राहिली होती फक्त सुरुवातीची पानं, मुखपृष्ठ, मार्गदर्शकाचं प्रमाणपत्र, प्रतिज्ञापत्र. आणि तिथं वाव्हळे सर अडून बसले.

"ती आत्ता नको छापायला, ताई."

"का?"

"त्याच्यावर विद्यापीठाचं नाव येतंय. नवं नाव येऊ द्या."

नामांतराचा प्रश्न तोवर सोळा वर्षं भिजत पडला होता. औरंगाबादच्या विद्यापीठाला महामानवाचं नाव द्यायचं की नाही, यावरून मराठवाड्यात काय काय झालं, ते पाहिलेल्यांना सांगायला नको. आमच्या गल्लीत आणि माझ्या घरात त्याबद्दल काय बोललं जायचं, तेही मी इथं लिहीत नाही. माझं त्यात मत नाही, असं मी तेव्हा म्हणायची. माझं मत होतं ते एवढंच, की छापलेला गठ्ठा दुकानात पडून होता आणि त्याला कसर लागायची वेळ आली होती.

आणि दुसरंही होतं. धारासूरकर सर जानेवारीअखेर निवृत्त होणार होते. नंतर त्यांची सही चालणार नाही. म्हणजे नवा मार्गदर्शक, नवी नोंदणी, आणि नवा माणूस विषय तोच ठेवील याचा काय भरवसा? तोवर सोनपेठची ती तात्पुरती नोकरी टिकेल याचा तर त्याहून नाही. धारासूरकर सर स्वतः दोनदा जिना चढून आले आणि "याला समजवा" म्हणून मला सांगून गेले. जसं काही मॅक्रोसारखं माणसालाही शिकवता येतं!

मी समजावलं. मी समजावते म्हणजे भांडते.

"सर, द्या आता. नाव काय, जुनं असलं काय अन् नवं असलं काय, आतल्या ओव्या त्याच ना?"

"ओव्या त्याच, ताई."

"मग? अन् नाव आलंच नाही महिनाअखेरपर्यंत, तर?"

"येईल."

"कोण म्हणतं?"

"बाप म्हणतो माझा."

"तुमच्या वडलांना काय मंत्रालयातून फोन येतो का हो?"

हे जरा जास्तच झालं. पण सर चिडले नाहीत. पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत म्हणाले, "अठ्ठ्याहत्तरला मी नववीत होतो. नामांतराचा ठराव झाला अन् आमच्या गावात वस्ती पेटवली. पहिलं घर आमचं. माझं दप्तर, मायची लुगडी, सगळं गेलं. बाप त्याच्यानंतर दर मोर्चाला गेला. दोन टायमाला तुरुंगात बी जाऊन आला. त्याला वाचता येत न्हाई, ताई. त्याचं पोरगं त्या विद्यापीठात पीएच.डी. करायलाय, अन् पुस्तक जुन्या नावानं देऊ व्हय?"

मी गठ्ठ्यावर पुन्हा फडकं टाकलं. पण मनातला वैताग काही गेला नाही, उलट वाढला. कारण आता हा माणूस हरला असता तर मला त्रास होणार होता. तोवर तो फक्त गिऱ्हाईक होता.

आणि संक्रांतीच्या दिवशी नाव आलं. जुन्या नावाच्या पुढं नवं नाव लागलं. नामविस्तार म्हणाले त्याला. इकडे दुकानं बंद, चौकात पोलीस, एस.टी. बंद. दोन दिवसांनी सोनपेठहून उसाच्या ट्रकमध्ये बसून वाव्हळे सर आले, सोबत वडील. लिंबाजी वाव्हळे. उंच, वाळलेला म्हातारा, डोक्याला पांढरा रुमाल, हातात काठी. शेठनी तिळगूळ दिला. म्हाताऱ्यानं तो हातातच धरून ठेवला आणि जिन्याच्या वरच्या पायरीवर जाऊन बसला. आत खुर्ची होती, पण बसला नाही. म्हणाला, "तुमचं चालू द्या, ताई. झालं की दाखवा."

मला वाटलं, पाच मिनिटांचं काम. जुनं नाव शोध, नवं घाल. घातलं. मॅक्रोचं बटण दाबलं. फाइली उघडल्या, मिटल्या, अनुक्रमणिका आली. आणि सगळी प्रकरणं एकेक पान पुढं.

मी पडद्याकडे बघतच राहिले. पहिला संशय शेठवर. "शेठ, तुम्ही यात श्री टाकला?" शेठनी कानाला हात लावले. मी तरी प्रत्येक फाइल उघडून पाहिली. श्री कुठंच नव्हता. तेवढ्यात शेठ हळूच म्हणाले, "बाई, नाहीये म्हणूनच झालं असेल." तेव्हा मी त्यांच्याकडे जे पाहिलं, त्यानंतर ते दुपारपर्यंत मोंढ्यातच थांबले.

घोळ सापडला तो प्रमाणपत्राच्या पानावर. नवं नाव जुन्याहून लांब. मजकुरात ते आलं तिथं ओळीच्या टोकाला जागा होती, निभावलं. पण पानाच्या माथ्यावर जे मोठं नाव मधोमध टाकलं होतं, तिथं एका ओळीच्या दोन झाल्या. वरची ओळ वाढली की खालची ढकलली जाते, आणि सगळ्यात खाली धारासूरकर सरांचं नाव, पदव्या आणि पदं अशी ओळींची उतरंड होती. तिची शेवटची ओळ पुढच्या पानावर सांडली. एका ओळीसाठी एक अख्खं पान. आणि सरांची ती एकच माळ! पुढची सगळी छापलेली पानं एका आकड्यानं चुकीची. शेकडो ओव्यांची सूची चुकीची. सगळं नव्यानं छापायचं, तर वीज आणि आमचा तो रडका प्रिंटर धरून महिना उलटला असता.

ओळी जवळ घ्याव्या म्हटलं, तर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांत अडकत. सांडलेल्या पानाला आकडाच देऊ नये म्हटलं, तर प्रमाणपत्र दोन कागदांवर तुटलेलं विद्यापीठ घेणार नाही, हे वाव्हळे सरांनीच सांगितलं. शेवटी धारासूरकर सरांना फोन लावला.

"त्यात काय एवढं?" ते म्हणाले. "वरचं नाव बारीक टाइपात घ्या. एका ओळीत बसेल. आहे काय अन् नाही काय!"

बसलं असतं. प्रिंटरला बारीक अक्षरांची सोय होती. आम्ही ती पतसंस्थांच्या अहवालातल्या नियम-अटींसाठी वापरायचो, कुणी वाचू नयेत म्हणून.

मी फोन ठेवला आणि वाव्हळे सरांना सांगितलं. त्यांनी जिन्याकडे पाहिलं. तिथून फक्त पांढरा रुमाल दिसत होता. मग अगदी हळू म्हणाले, "करा बारीक, ताई."

"काय?"

"करा. टाइम न्हाई आता. बापाला काय कळायलंय, बारीक हाय का मोठं."

इतके महिने मी ज्याच्या हट्टाला वैतागले होते, त्यानं तो सोडला, तर मी खूश व्हायला हवं होतं. पण माझं डोकंच फिरलं. मी ओरडले. खालचा औषधवालाही वर बघायला आला.

"सोळा वर्षं थांबलात ना? दिवाळीपासून माझ्या उरावर गठ्ठा ठेवलात ना? अन् आता बारीक? बारीक करायचं होतं तर दिवाळीला जुनंच छापून न्यायचं होतं! मी नाही करणार बारीक. दुसऱ्याकडून करून घ्या."

परभणीत दुसरं कुणी नव्हतं, हे दोघांनाही माहीत होतं.

सर खाली मान घालून बसले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते बघून माझा राग आणखीच चढला. मी पडद्याकडे वळले आणि ते प्रमाणपत्र पहिल्यांदा नीट वाचलं. खाली धारासूरकर सरांची उतरंड. नाव. एम.ए., पीएच.डी. पदव्युत्तर विभागप्रमुख. कॉलेज. सदस्य, अभ्यास मंडळ. माजी कार्याध्यक्ष, व्याख्यानमाला समिती.

हा व्याख्यानमालेचा माजी कार्याध्यक्ष इथं ओव्यांना काय प्रमाणपत्र देतोय? कुणालाही न विचारता मी त्या ओळीवर गेले आणि ती पुसून टाकली. मॅक्रोचं बटण दाबलं. सगळी प्रकरणं जिथल्या तिथं. नाव माथ्यावर, दोन ओळींत, मोठ्या टाइपात.

वाव्हळे सर घाबरले. "ताई, सर सही करायचे न्हाईत. तुम्हाला म्हाईत न्हाई त्यांचा स्वभाव."

"माझा त्यांना माहीत नाही," मी म्हटलं. पण आतून मीही घाबरले होते, हे आज सांगायला हरकत नाही. त्या माणसानं मान फिरवली असती तर माझं काही जाणार नव्हतं. जायचं ते वाव्हळे सरांचंच.

त्याच संध्याकाळी धारासूरकर सर आले. कोटाच्या खिशातून पेन काढलं, टोपण उघडलं, पान समोर घेतलं. वरचं नाव वाचलं. मजकूर वाचला. त्यांचा डोळा खाली उतरत गेला तशी मी खुर्चीची दांडी धरली. डोळा शेवटच्या ओळीवर थांबला. पुन्हा वर गेला. पुन्हा खाली आला.

"बाई, यात माझी एक ओळ नाही."

"नाही, सर."

"कोणी काढली?"

"मी. पान वाढत होतं."

"मी तुम्हाला उपाय सांगितला होता."

"तो जमला नाही, सर."

"यंत्राला जमला नाही?"

"मला जमला नाही."

शेठ दारात होते, ते आल्या पावली मागं फिरले. वाव्हळे सर भिंतीला टेकून उभे. धारासूरकर सरांनी माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे, मग दाराबाहेर पायरीवर बसलेल्या म्हाताऱ्याकडे. म्हातारा उठून उभा राहिला होता. "वडील माझे," वाव्हळे सर म्हणाले. सरांनी त्याला नमस्कार केला. मला वाटतं, त्यांना तो कोण हे तोवर माहीतच नव्हतं.

"व्याख्यानमालेला तसंही मला हल्ली कुणी बोलवत नाही," सर म्हणाले, आणि सही केली. टोपण लावताना पुन्हा पान पाहिलं आणि म्हणाले, "खरं म्हणजे विभागप्रमुखही काढायला हरकत नव्हती. या महिन्यापुरतंच आहे."

"सर, पाया पडते, आता काही काढू नका," मी म्हटलं. "पान हलेल."

ते हसले. त्यांना हसताना मी तेव्हाच पाहिलं. वाव्हळे सर बाकीच्या प्रतींची पानं घेऊन त्यांच्यापुढे वाकले, आणि एकेक सही होत गेली.

मी एक प्रत घेऊन बाहेर पायरीवर गेले. लिंबाजीबाबांनी मोकळा हात धोतराला पुसला, पण कागद घेतला नाही. "तुमीच धरा, ताई. मळंल. कुठं हाय नाव?"

मी माथ्यावरच्या दोन ओळींवर बोट ठेवलं. त्यांनी वाकून पाहिलं. अक्षरं ओळखीची असावीत, झेंड्यांवर, फलकांवर पाहिलेली, कारण त्यांचं बोट कागदाला न टेकता बरोबर त्या नावावरून फिरलं, पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत. मग त्यांनी खालची बाकीची भरलेली ओळ न् ओळ बघितली, आणि पुन्हा वर पाहिलं.

"किती वाढलं ह्याच्यानं?" त्यांनी विचारलं. आत आम्ही काय भांडत होतो, ते सगळं त्यांनी ऐकलं होतं.

"एक ओळ, बाबा."

ते बराच वेळ त्या ओळीकडे पाहत राहिले. हातातला तिळगूळ अजून तसाच होता.

"यवढीच जागा लागत व्हती व्हय, ताई?"

मी म्हटलं, "हो बाबा. एवढीच."